किसनच्या रानाची वाट

मंडळी, मागं उभी असलेली पोरंही खाली बसून घ्या. उभ्या माणसांपुढं बोलायची मला सवय आहे, पण ती गाडीतली. इथं समोर किसनचा फोटो आहे, पुढं मेणबत्ती जळतेय, आणि बाजूला कमलवहिनी बसल्यात. तोंड उघडायला जड जातंय.

गावातले मला ओळखतात. पण आज भोसरीहून गाड्या भरून माणसं आलीत, त्यांच्यासाठी सांगतो. मी दत्तू कंडक्टर. किसन आणि मी एका वर्गात होतो. तो पुढं भोसरीला कंपनीत लागला आणि मी एस.टी.त. उभी नोकरी जामखेड-नगर-पुणे गाडीवर काढली. आणि मंडळी, कंडक्टर माणूस संशयी असतो. मिसरूड फुटलेल्या पोराला आई अर्ध्या तिकिटात बसवते आणि वर म्हणते, अंगानं जरा थोराड हाय. पिशवीत कोंबडी असते आणि माणूस शपथ घेऊन सांगतो की भाजी आहे. असं रोज ऐकून ऐकून माझा कान बिघडला. कुणी काही सांगितलं की आधी वाटतं, हे असं का सांगतोय?

आज शोकसभेत तरी ही खोड बाजूला ठेवावी असं ठरवून आलो होतो. जमलं नाही.

मगाशी सरपंच बोलले. चांगलं बोलले. किसनआण्णा भूमिपुत्र होते म्हणाले. गुरुजी बोलले, ते म्हणाले दुष्काळानं आपल्या गावातला हिरा बाहेर नेला. मग माधवतात्या बोलले. तेही म्हणाले, दुष्काळ फार वाईट. सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द. दुष्काळ, दुष्काळ, दुष्काळ. आणि शेवटी सरपंचांनी पुन्हा माईक घेऊन जाहीर केलं की तळ्याखाली किसनचं जे रान आहे, तिथं त्याचं स्मारक होणार. सभामंडप होणार. तिथपर्यंत पक्का रस्ता होणार. टाळ्या झाल्या. शोकसभेत टाळ्या झाल्या, मंडळी. कमलवहिनींनी टाळी वाजवली नाही. मी त्यांच्याकडंच बघत होतो. मांडीवरचा पदर त्यांनी मुठीत धरला होता, तो अजून सोडलेला नाही.

स्मारकाचं नंतर बोलतो. आधी दुष्काळाचं बोलू.

किसन दुष्काळात गेला नाही. मी सांगतो, कारण त्याचं तिकीट मी फाडलंय. ज्या साली आपल्या तळ्याचा सांडवा वाहिला, त्या साली तो गेला. आठवतंय का कुणाला? आख्खं गाव सांडवा बघायला गेलं होतं. पोरासोरांनी मासे धरले होते. विहिरी वरपर्यंत भरलेल्या. ओढ्याला पाणी होतं म्हणून माझी गाडी फाट्यावर उशिरा आली, आणि फाट्यावर किसन उभा. संगती वहिनी. एक पत्र्याची पेटी, एक पिशवी. पिशवीतून खुरप्याची मूठ बाहेर आलेली. मी विचारलं, कुठं निघाला? तर म्हणाला, चार दिवस भोसरीला मेव्हण्याकडं.

चार दिवस पाव्हणा म्हणून जाणारा माणूस खुरपं नेतो का? मला तिथंच संशय आला.

मंडळी, माणसं गाव का सोडतात यावर मोठमोठी माणसं बोलत असतील. मी आपलं दारात उभं राहून बघितलेलं सांगतो. खरा कडक दुष्काळ पडला ना, की माझी गाडी रिकामी जायची. हो, रिकामी. लोकांना वाटतं उलटं. पण गाव सोडायलाही अंगात काहीतरी लागतं. चार भांडी लागतात, दोन वेळचं बांधून न्यायला पीठ लागतं, मागं म्हातारीजवळ कुणीतरी लागतं. ज्याच्याकडं काहीच उरलं नाही तो जागेवरच बसतो. गाडी भरायची ती पुढच्या वर्षी, जरा बरं पिकल्यावर. म्हणजे माणसं जातात ती नुसती पावसाच्या हिशेबानं जात नाहीत. दुसरं काहीतरी असतं. ते कुणी सांगत नाही.

आणि कुठं जातात? वाटेल तिथं जात नाहीत. शेजारचं गाव बघा. तिथल्या ऊसतोडीच्या टोळ्या श्रीगोंद्याकडं जाणार म्हणजे श्रीगोंद्याकडंच जाणार. ऊस काय तिथंच पिकतो? राहुरीकडं पिकत नाही? पिकतो. पण मुकादम त्यांच्या ओळखीचा, त्याचा रस्ता ठरलेला, म्हणून तेवढ्याच रस्त्यानं माणसं जातात. ती ट्रॅक्टरवर सगळा संसार लादून जातात. शेळी, कोंबड्या, पाटा-वरवंटा, सगळं. आणि परत येतात. जो पत्र्याची एकच पेटी घेऊन चार दिवस म्हणून जातो, तो येत नाही. हे मी इतक्या वेळा बघितलंय, की पेटीवाल्याला परत कधी येणार हे विचारायचंच मी सोडून दिलं.

आपल्या गावातली माणसं कुठं गेली? भोसरीला. सगळी भोसरीला. का? भोसरीत सोनं पडलं होतं का? तिथं किसनची खोली होती म्हणून. गाडीत पोरगं चढायचं आणि मला म्हणायचं, किसनआण्णाच्या खोलीवर द्या. गावाचं नाव नाही, स्टॉपचं नाव नाही. खोलीवर द्या. जणू काय महामंडळानं तिथं थांबा दिलाय. मी हसायचो आणि भोसरी द्यायचो.

एक खोली, मंडळी. भोसरीहून आलेल्यांनी बघितलीय. पत्र्याचं छप्पर, नळ बाहेर. त्या खोलीत वहिनींनी दोन पोरी वाढवल्या, आणि शिवाय गावातली पोरं. एक कामाला लागून निघून गेलं की दुसरं यायचं. वहिनी भिंतीकडं पोरींना घेऊन झोपायच्या आणि मध्ये लुगडं टांगायच्या. पलीकडं आपली पोरं. कुणाचं? तुमचं, तुमचं, माझ्या भावाचं. जेवायला घालायचं, कंपनीच्या गेटवर घेऊन जायचं, साहेबाला सांगायचं, माझ्या गावचं हाय, कामाला चांगलं हाय.

आणि गावात काय बोललं जायचं? आता हळूच मान खाली घालू नका. पारावर बोललं जायचं, किसनला ठेकेदार माणसामागं काहीतरी देत असणार. नाहीतर कोण कुणाला एवढं करतंय? मी ऐकलंय. गाडीत ऐकलंय, पारावर ऐकलंय. मी स्वतः संशयी माणूस, म्हणून एकदा भोसरीला मुक्काम पडला तेव्हा मुद्दाम त्या खोलीवर गेलो. म्हटलं, बघू तरी कमिशन कुठं ठेवलंय. वहिनींनी मला भाकरी वाढली आणि स्वतः पोरांच्या ताटातली उरलेली आमटी पुसून खाल्ली. तो संशय तिथंच संपला. माझ्या बाकीच्या संशयांना मात्र पाय फुटले.

त्या दिवशी खोलीवर एक पोरगं नवीन आलेलं होतं. गोरंगोमटं, लाजरं. संतोष, तूच होतास तो. माधवतात्यांचा संतोष. बाहेरगावच्यांना सांगतो, मगाशी जो रडला, ज्याला पुढं बोलता आलं नाही, तो संतोष. आज त्याचं स्वतःचं वर्कशॉप आहे. तो म्हणाला, आण्णांनी पहिल्या दिवशी मला स्वतःचं पांघरूण दिलं. संतोष, तुझ्या डोळ्यांतलं पाणी खरं आहे. आज इथं मला ज्याचा संशय आला नाही, असं तेवढंच होतं.

पण तुला बघून मी त्या दिवशी गार पडलो होतो. का, ते तुला आज कळेल. तुला यातलं काही माहीत नाही, ते मला माहितीय.

जेवण झाल्यावर किसन मला सोडायला नाक्यापर्यंत आला. मी त्याला म्हणालो, किसन, ह्या पोराला तू घरात घेतलंस? ह्याच्या बापानं काय केलं ते विसरलास? तो पुढं चालत राहिला. मी म्हणालो, बरं, ही सगळी पोरं मला सांगतात की आण्णा दुष्काळानं आले. हे त्यांना कुणी सांगितलं? तर म्हणाला, मीच सांगितलं. मी म्हणालो, का? सांडवा वाहत होता, दुष्काळ कसला?

तेव्हा तो जे बोलला ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही. तो म्हणाला, "दत्तू, दुष्काळ म्हनलं की कुनाचं नाव घ्यावं लागत न्हाई. मी जर खरं सांगितलं, तर हे पोरगं माझ्या ताटात जेवल का?"

मंडळी, हे असं आहे. आपल्या गावात जो जो गेला त्याचं कारण विचारा. दुष्काळ. पावसाला काय, तो उत्तर द्यायला येत नाही. कुणाचं भावकीत वाकडं आलं, तो दुष्काळानं गेला. कुणा पोरीला इथं नीट राहू दिलं नाही, तीही दुष्काळानं गेली. मी तिकिटं देत होतो ना, मला माहितीय. फाट्यावर सोडायला कोण येतं आणि कोण येत नाही, यावरून सगळं कळतं. किसनला सोडायला कुणीही आलं नव्हतं.

आता खरं सांगतो. तात्या, तुम्ही उठून जाऊ नका. पुढच्या खुर्चीवर बसवलंय तुम्हाला, तर बसा.

किसनच्या बापाचं तळ्याखाली एक पट्टी रान आहे. त्या रानाला जायची वाट तात्यांच्या रानातून होती. गाडीवाट होती. आम्ही पोरं त्या वाटेनं पोहायला जायचो. दुष्काळाच्या सालांत त्या वाटेकडं कुणी ढुंकून बघितलं नाही, कारण रानात काही नव्हतंच. मग पावसानं जोर धरला. तळं भरायला लागलं, तळ्याखालच्या मातीला भाव आला. आणि वाट बारीक व्हायला लागली. दर वर्षी नांगर वाटेत एकेक सरी आत. गाडीवाटेची बैलवाट झाली. बैलवाटेची पायवाट झाली. ज्या साली सांडवा वाहिला, त्या साली पायवाटही नांगराखाली गेली आणि बांधावर वाट अडवायला बाभळीची काटेरी काटी येऊन पडली. त्या पट्टीत किसननं वांगी लावली होती, चांगली लागली होती. काढायला जाता आलं नाही. वांगी झाडावर पिकून पिवळी झाली.

तो गावापुढं आला होता. मारुतीच्या पारापुढं उभं राहून म्हणाला, मला वाट द्या. पारावर कोण कोण होतं? मी त्या दिवशी ड्युटीवर होतो, मी नव्हतो. पण इथं बसलेल्यांतले पुष्कळ होते. त्याला काय सांगितलं गेलं? दुसरीकडनं जा. दुसरीकडं तळं आहे, मंडळी. तळ्यातनं जा असं सांगितलं त्याला.

आणि मला अजून एक संशय आहे, तोही बोलून टाकतो. आपल्या गावात रानाच्या वाटा पुष्कळ. भांडणंही पुष्कळ. पण सबंध वाट नांगरून वर काटी टाकायची, आणि पारावर कुणी चकार शब्द काढायचा नाही, हे किसनच्या बौद्धवस्तीतल्या घराऐवजी माझ्या घराच्या बाबतीत झालं असतं का? मी उत्तर देत नाही. तुमचं तुम्ही द्या.

म्हणजे तो दुष्काळानं गेला नाही. पाणी आलं म्हणून त्याला जावं लागलं. आणि तो गेला म्हणून त्याची खोली झाली, आणि खोली झाली म्हणून आपली पोरं त्या रस्त्याला लागली. ज्यांच्या घरात आज भोसरीहून फ्रीज आला, मोटरसायकल आली, त्यांनी जरा आठवा हे सगळं कुठल्या बांधावरून सुरू झालं.

गेल्या दिवाळीला किसन आला होता. रिटायर झाला होता. मला म्हणाला, चल, रान बघून येऊ. आम्ही दोघं सडकेनं गेलो. तात्यांच्या रानात तूर उभी, छातीएवढी, फुलावर आलेली. पलीकडं त्याची पट्टी, तिच्यावर नुसतं गवत माजलेलं. मी म्हणालो, चल की आत, कोण बघतंय? त्यानं चप्पल काढली, आणि परत घातली. म्हणाला, "नको. पीक उभं हाय. दुसऱ्याचं पीक तुडवून न्हाई जायचं मला. तूर निघाली की येतो."

बराच वेळ उभा होता. वहिनींना हितं आणायचंय म्हणाला. वस्तीतल्या घरावर पत्रे टाकायचे, रानात वांगी लावायची. पोरी आपापल्या घरी सुखात आहेत, आता आम्ही दोघं इकडं येतो म्हणाला. मी म्हणालो, आणि वाट? तर हसून सडकेला लागला. तूर निघायच्या आत त्याचं हृदय थांबलं. झोपेतच गेला.

आता स्मारकाकडं येतो.

सरपंच, तुम्ही माझ्यापेक्षा लहान आहात, रागावू नका. मला विचारायचंय, स्मारकाची जागा कुणाची? किसनची. म्हणजे आता वहिनींची. वहिनींना कुणी विचारलं? मी आज सकाळी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "भावजी, मला कुनी इचारलं न्हाई. मला हितं ऱ्हायचंय. हे गेल्यावर त्या खोलीत माझं काय हाय? मला माझ्या रानात खुरपायचंय."

ऐकलं का? त्यांना सभामंडप नको. त्यांना खुरपायचंय.

आणि दुसरा प्रश्न. जिवंत किसनला बैलगाडीपुरती वाट निघत नव्हती. मेलेल्या किसनच्या स्मारकाला पक्का रस्ता कसा काय निघाला? एका आठवड्यात? कुणाच्या रानातून निघाला? आणि तो रस्ता स्मारकापाशी थांबणार आहे, की पुढं तळ्याच्या कडेनं आणखी कुणाकुणाच्या रानात जाणार आहे? असेल, नसेल. माझी खोड वाईट आहे. मी चुकत असेन तर वहिनींची माफी मागून खाली बसेन. पण मग चुकतोय असं कुणीतरी उठून सांगा.

कुणी उठत नाही.

बरं, मग माझं ऐका. वाट निघत असेल तर ती वहिनींसाठी निघू दे. डांबर नको. गाडीवाट पुरे. जी होती तेवढीच. तात्या, मी तुम्हाला शिव्या द्यायला आलो नाही. तुमचं वय झालंय, माझंही झालंय. मगाशी तुम्ही फोटोला हार घातलात आणि मान वर न करताच माघारी फिरलात, तेही मी बघितलं. त्याचा अर्थ काय लावायचा ते मी ठरवलेलं नाही. तुम्ही आज ठरवा.

आता दोन मिनिटं शांत उभं राहायची वेळ झाली. सूत्रसंचालक मगाचपासून मला चिठ्ठ्या देतायत. पण मंडळी, इथं नको. इथं दोन मिनिटं उभं राहणं लई सोपं आहे. चपला घातल्या की घरी. आपण तळ्याखाली जाऊ. सगळे. भोसरीचे, गावातले, वस्तीतले, पारावरचे. लांब नाही, शाळेच्या मागून सडक जाते. तात्यांची तूर परवाच निघालीय, मी बघून आलो. रान मोकळं आहे. आज कुणाचं पीक तुडवलं जाणार नाही. एवढी माणसं एकामागं एक त्या रानातून गेली, की वाट कुठं होती ते पुन्हा दिसेल. आणि किसनच्या पट्टीत पोचल्यावर तिथं शांत उभं राहू. मोबाईल बंद, भाषण बंद. मी पण बोलणार नाही.

संतोष, बांधावर अजून बाभळीची काटी आहे. ती दुसऱ्या कुणी काढायची नाही. तू काढ. वडलांना विचारायचं असेल तर आत्ता विचार, आम्ही थांबतो.

वहिनी, उठा. पायात चप्पल राहू द्या, रानात तुरीची धसकटं आहेत. तुम्ही पुढं व्हायचं, आणि आम्ही सगळे तुमच्या मागं येणार. तुम्ही जिथून जाल तिथून आम्ही जाऊ, इकडं नाही की तिकडं नाही.

किसन, तूर निघाली रे. जयभीम.